चोरओटीचा नारळ

पाणखार,
शुक्रवार

प्रिय मैनाताई,

मोठ्या बहिणीला आधी नमस्कार करावा असं आईनं शिकवलंय, म्हणून केला. खुशाली विचारत नाही. तुझी मला ठाऊक आहे आणि माझी तुला. हे पत्र शकूच्या हाती देतेय. ती सुकी मासळी घेऊन रोह्याच्या बाजाराला येते, मागच्या दारानं तुझ्याकडे येईल. सोबत एक पिशवी आहे. ती आत्ताच उघडू नकोस. आधी सगळं पत्र वाच. लहानपणी तू गोष्टीचा शेवट आधी विचारायचीस आणि मग ऐकताना जांभया द्यायचीस, तसं आज करू नकोस.

परवा मोरूदादा येऊन गेला. चुलतभाऊ म्हणून आला, चहा प्यायला, चिमीला मांडीवर घेऊन तिच्या गालाचा मुका घेतला आणि मग भावोजींचा निरोप सांगितला. सोमवारी अलिबागच्या कोर्टात माझी साक्ष आहे, तेव्हा मी एवढंच म्हणायचं की गडबड होती, चिखल होता, माझ्या नवऱ्याला, रघूला, कोणी मारलं ते मला दिसलं नाही. म्हटलं तर मला रोह्यात खोली आणि माझ्या धाकट्या दिराला धाटावच्या कंपनीत नोकरी. नाही म्हटलं तर काय, असं मी विचारलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सगुणे, तुला पोरगी हाय. मी काय बोलत नाय, तू समजून घे." मी म्हटलं, दादा, तुझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ कधीपासून बसवलीस? तो उठला आणि अनवाणीच चालू लागला. त्याच्या चपला अजून ओट्यावर आहेत. रोज झाडताना त्या मी केरसुणीनं सरकवते आणि रोज मला तुझा राग येतो. भावोजींचा नाही, त्यांचा राग करून मी केव्हाच दमले. तुझा येतो, कारण निरोप त्यांचा होता आणि तू गप्प होतीस.

तुला बापूंचं मिठागर आठवतं? उन्हात डोळे मिटून जायचे इतकं पांढरं, आणि पायांच्या भेगांत मीठ गेलं की आपण एकमेकींच्या वेण्या ओढून ओरडायचो. त्या मुकादमानं मला कोठीच्या आड ओढलं होतं. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले होते. तूच कुठूनशी आलीस, मीठ ओढायची फळी त्याच्या गुडघ्यावर घातलीस आणि तो वाकला तसा त्याच्या मनगटाचा चावा घेतलास. त्यानं दुसऱ्या हातानं तुझ्या थोबाडीत इतक्या मारल्या की तुझा दात पडला, तरी तू मनगट सोडलं नाहीस. रक्त मिठाच्या राशीवर सांडलं. बापूंचं काम गेलं. रात्री आई तुझ्या हिरडीला हळद दाबत होती आणि तू फुगलेल्या तोंडानं मला म्हणालीस, "हाताला धरला का चावायचं गो, आरडायचं नाय. आरडून कोण येत नाय." त्या दिवसापासून मला वाटायचं, मैनाताई आहे तोवर माझ्या केसाला धक्का लागणार नाही. हे इतकी वर्षं मनात होतं, कधी तुला सांगितलं नाही.

मग तुझं लग्न झालं आणि भावोजी काळुरामाचे काळूशेठ झाले. मला त्यांचा हेवा नव्हता. माती वाहायच्या बैलगाडीपासून जीपपर्यंत माणूस आला तर कौतुकच आहे. पण ते आले कसे, हे पाणखारच्या खालच्या आळीला विचार. खाडीचं पाणी अडवणाऱ्या काठ्याचं काम नगरपालिकेनं त्यांना दिलं, त्यांनी चिकणमातीच्या जागी मुरूम लोटला आणि वर गवत लावलं. उधाणाला काठा खचला, खारं पाणी शेतात शिरलं आणि बायजाबाईच्या घरात चुलीपर्यंत आलं. पुढची तीन पिकं त्या जमिनीत भात झालं नाही. तेव्हाच रघूनं मिठागरं सुटलेल्या माणसांना गोळा करून मजूर संस्था काढली. डोलवीला कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या हाताखाली उभं राहण्यापेक्षा आपला काठा आपण बांधू, एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याला चिडवायचे की चेअरमनसाहेब, तुमच्या पायजम्याला अजून मिठाचा वास येतो. तो म्हणायचा, "येऊं दे की, खारट माणूस कुजत नाय."

पुन्हा त्याच काठ्याची निविदा निघाली तेव्हा रघूनं मला नारळाची रीत सांगितली. मला त्याआधी काहीच माहीत नव्हतं. ठेकेदार वडखळ नाक्यावरच्या हॉटेलात बसतात आणि काम कोणी घ्यायचं ते आपसात ठरवतात. ज्याचं ठरतं तो बाकीच्यांच्या घरी नारळ पाठवतो. निविदांची पेटी बंद व्हायच्या आत नारळ जसाच्या तसा परत गेला तर समजायचं, हा माणूस लढणार. घरात राहिला तर समजायचं, यानं शब्द दिला. शब्द देऊन जो निविदा भरील त्याला सगळ्यांनी मिळून मारायचं, हेही त्या नारळातच आलं. रघू म्हणाला, भावोजींचा नारळ आला की मी स्वतः रोह्याला जाऊन त्यांच्या ओट्यावर ठेवून येईन, मेहुणीच्या हातचा चहाही पिऊन येईन. तो वाट बघत होता. नारळ आलाच नाही. निदान आम्हाला तसं वाटलं.

आलीस ती तू. मला तिसरा महिना होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिले होते आणि तू चोरओटी घेऊन आलीस, अशी गुपचूप, दाराला कडी लावून भरायची ओटी. हिरवं पोलकं, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. नारळाच्या शेंडीला काळा दोरा बांधलेला होता. मी विचारलं, हा कशाला? तू म्हणालीस, दृष्ट लागू नये म्हणून. मला ते पटलं, मी हसले, तुझ्या पाया पडले. सासूबाई म्हणाल्या, "ठेव गो तो नारल देवापुढं. सुटलीस का मग फोरू." चोरओटीच्या वस्तूला पुरुषानं हात लावायचा नाही, बघायचंही नाही, अशी सासूबाईंच्या घरची रीत. रघूनं नुसतं मान खाली घालून हसून घेतलं. तुला चहा दिला तो तू तसाच ठेवलास. वैशाखातल्या उकाड्यात तू मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. मी चिडवलं की रोह्याला थंडी फार पडते वाटतं. तू बाह्या आणखी खाली ओढल्यास.

पेटीच्या दिवशी नगरपालिकेच्या फाटकात माणसं उभी होती, हातात सायकलच्या चेनी आणि हॉकीच्या काठ्या. पेणहून आलेले ठेकेदार जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत, बघितलं आणि वळले. आतल्या भातगावांतल्या एका संस्थेचे दोघे भोळेपणानं पुढे गेले. एकाचा लिफाफा फाडून त्याच्या तोंडात कोंबला, दुसऱ्याचा चष्मा टाचेखाली घातला आणि त्याला केसांना धरून नोटीस बोर्डावर आपटलं, इतकं की बोर्डाची काच त्याच्या कानात गेली. लोक समोरच्या दुकानांतून बघत होते. रघू आणि त्याच्या संस्थेतला जनू मासळी बाजाराच्या बाजूच्या भिंतीवरून आत उतरले. जनू पूर्वी भावोजींची जीप चालवायचा, त्यामुळे त्याला बघून ते जास्तच पिसाळले. रघूच्या पाठीवर चेन बसली ती सदरा आणि कातडी एकदमच घेऊन गेली. तो रांगत जिना चढला. हेडक्लार्क दिनानाथराव पेटीवर हात ठेवून बसले होते, त्यांचा अंगठा एकानं मागे मोडला. रघूनं पोटाशी धरलेला लिफाफा आत टाकला. तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, "शेठचा नारल घरात ठेवलास नि पेटीकडं येतोस व्हय रे?" रघू म्हणाला, "कुठला नारल? आला असता तर तुझ्याच टालक्यावं फोरला असता."

हे त्यानं घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगितलं. सासूबाई त्याच्या पाठीला हळद लावत होत्या, तो दात आवळून हसत होता, आणि त्याच्या मागे देव्हाऱ्यात तो नारळ होता. मी तिथेच बसले होते. काळ्या दोऱ्याची खूण मला माहीत नव्हती आणि रघूनं तिकडे बघितलं नाही, कारण बघायचं नसतं. ताई, ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला आपल्या घरातल्या बायकांच्या रीती बरोबर ठाऊक होत्या. दारात आलेला नारळ परत करता येतो. ओटीत आलेला कोण परत करील?

काम रघूच्या संस्थेला मिळालं. चिकणमातीचा काठा उभा राहिला, पाणी सोडायच्या उघाडीला नवी फळी बसली, आणि अवसेच्या उधाणाला पहाटे हाक आली की काठ्याला खांड गेली. काठा आपणहून फुटला तर तोंड फाटकं असतं. हे सरळ कापलेलं होतं, फावड्यानं. पण तेव्हा कोण बघत बसतो? खांड गेली की घरटी माणूस धावतं, वैरीसुद्धा धावतो, ही आपल्या खारपट्टीची रीत. म्हणून उजाडताना दोन अनोळखी माणसं खांद्यावर फावडी टाकून काठ्यावरून आली तेव्हा कोणी विचारलं नाही की तुम्ही कुठले. मीच एकाला म्हटलं, दादा, तिकडे मधे जा, तिकडे माणूस कमी आहे.

पुरुष खांडीत उतरले होते, खाडीकडे पाठ, छातीभर पाणी, हातात हात अडकवून एक भिंत. आम्ही बायका चिखलाचे पेंड पुढे देत होतो आणि ते त्यांच्या पोटाशी थापले जात होते. रघू मधोमध होता. ते दोघे त्याच्या मागे काठ्याच्या तुटक्या कडेवर गेले आणि एकानं फावडं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. मला वाटलं पाय घसरला. मग दुसरा घाव मानेवर आला. रघू पोहण्यात असा होता की हात सोडून बुडी मारली असती तर पार उघाडीपलीकडे निघाला असता. त्यानं हात सोडला नाही. एका बाजूला जनू होता, दुसऱ्या बाजूला बायजाबाईचा थोरला, भिंत तुटली असती तर पाण्यानं सगळ्यांना ओढून नेलं असतं. आणि त्यांनाही सोडता येईना. सगळे पुरुष बघत होते, ओरडत होते, शिव्या देत होते आणि एकमेकांना धरून उभे होते. तिसऱ्या घावाला त्याचा डोळा बाहेर आला. माझ्या हातात चिखलाचा पेंड होता आणि समोरचं पाणी लाल झालं होतं.

मी आरडले नाही. तू शिकवलं होतंस. धावत गेले, त्यातल्या एकाचा हात धरला आणि मनगटाला चावले, दात हाडाला लागेपर्यंत. त्यानं माझ्या पोटात लाथ मारली, मी उताणी चिखलात पडले, तोंडात त्याचं मांस होतं. ते पळाले नाहीत, चालत गेले. बायकांनी चिखल फेकला, दगड फेकले, तरी चालतच गेले. खांड बांधली गेली. रघूचे हात सुटायला वेळ लागला. टेम्पोत घालून पेणला निघालो, वडखळच्या फाट्याच्या आधीच तो गेला. पोटातली पोरगी मात्र तगली. सासूबाईंच्या आईचं नाव ठेवलंय, चंद्रावती, पण आम्ही सगळे चिमीच म्हणतो. फार चावते. दात आल्यापासून.

त्या दोघांना पकडलं ते माझ्या दातांच्या खुणेवरून, हे तुला ठाऊकच आहे. भावोजी जामिनावर बाहेर आहेत. त्यांचं म्हणणं, मी त्या कामाला निविदाच भरली नाही, त्या दोघांना मी ओळखत नाही, साडू गेल्याचं मला दुःख आहे. खरंच आहे, निविदा त्यांनी दुसऱ्याच्या नावानं भरली होती. फाटकात काय झालं ते आता कोणाला आठवत नाही. दिनानाथराव म्हणतात की ते तेव्हा जेवायला गेले होते. मोडलेला अंगठा बहुतेक डब्यात मोडला असेल. दहाव्याला तू आलीस, तोंडावर पदर घेऊन बसलीस, बाहेर भावोजी जीपचा हॉर्न वाजवत होते. तू माझ्या हाताला हात लावलास आणि लगेच काढलास. मला वाटलं, तुला रडू येतंय.

नंतर जनू संस्थेचे कागद न्यायला आला. देव्हाऱ्याकडे बघून तो खालीच बसला. "वयनी, ह्यो नारल हितं कवा आला?" भावोजींची जीप चालवायचा तेव्हा असले नारळ त्यानंच घरोघरी पोचवले होते, प्रत्येकाच्या शेंडीला काळा दोरा. मी त्याला सांगितलं, माझ्या बहिणीनं आणला, चोरओटीला. सासूबाई आतून आल्या, म्हणाल्या, "बहीण होती म्हणून कडी लावलीव गो आपुन." आणि त्या माऊलीनं देव्हाऱ्याच्या कडेवर स्वतःचं कपाळ आपटून घेतलं.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. तुला माहीत होतं का? रागात असले की म्हणते, माहीत होतं, ती शेठाणी आहे, जीपमध्ये बसते. मग मला तुझ्या त्या लांब बाह्या आठवतात आणि तसाच राहिलेला चहा. बाह्यांखाली काय होतं ते मी तेव्हाच बघायला हवं होतं असं सासूबाई म्हणतात. मी म्हणते, तू दाखवायला हवं होतंस. एका खोलीत, कडी लावून, आपण दोघीच होतो. तू माझ्या पोटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, सांभाळ. ताई, कोणापासून ते का नाही बोललीस?

आता पिशवी उघड. तोच नारळ आहे, दोऱ्यासकट. हलवून बघ, आत गोटा सुटलाय, खुळखुळतो. सरकारी वकील म्हणाले होते, हा कोर्टात घेऊन या, काळूशेठला या कामाशी बांधणारी एवढीच गोष्ट आहे. मी म्हटलं, तो आणणारी दुसरी आहे. त्यांना वाटलं असेल, बाई खुळी झाली. पण माझ्या हातात तो नुसता बहिणीचा नारळ आहे. कोणी दिला हे फक्त तू सांगू शकतेस. ओटी परत केली की माहेर तुटतं, हे मला सांगू नकोस. आणि न फोडता परत आलेल्या नारळाचा अर्थ तुझ्या घरात काय होतो, हे मी तुला सांगत नाही. रघूला तो परत करायला मिळाला नाही, म्हणून मी करतेय. मी सोमवारी जे बघितलं ते बोलणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. तुला माहीत नसेल, किंवा माहीत असून तुला मारून पाठवलं असेल, तर हा नारळ घेऊन अलिबागला ये. विधवेची ओटी भरत नाहीत. तू भर, कोर्टाच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, मी पदर पसरून उभी राहीन. मग आत चल आणि सांग, हा तुझ्या हातात कोणी दिला. नाही आलीस तर फोड आणि भावोजींच्या कालवणाच्या वाटणात घाल. सुकं खोबरं आहे, त्यांना आवडेल.

अजून तरी तुझीच,
सगुणा